बाबर, ललिता शिवाजी

बाबर, ललिता शिवाजी : (२ जून १९८९ – ). ३,००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीतील महाराष्ट्राच्या धावपटू. आशियाई विजेत्या आणि ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणाऱ्या पहिल्या भारतीय महिला. जन्म सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील मोही या गावी, शेतकरी कुटुंबात. हा तालुका कायम दुष्काळी. पुढे त्यांना मिळालेले ‘माणदेशी एक्सप्रेस’ हे टोपणनाव या मुलखावरूनच पडले.

सुरुवात लांब पल्ल्याच्या धावण्याने झाली. २००५ मध्ये पुण्यात वीस वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पुढे भारतीय रेल्वेत नोकरी लागली आणि सराव चालू राहिला. मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे त्या भारतीय महिलांत पहिल्या आल्या. एवढ्यावर मॅरेथॉनपटू म्हणून कारकीर्द सहज उभी राहिली असती. पण याच सुमारास त्या स्टीपलचेसकडे वळल्या. प्रशिक्षक होते बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह. सरावाचे त्यांचे वेळापत्रक कठोर म्हणून ओळखले जाई.

महिलांची स्टीपलचेस जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत २००५ साली आणि ऑलिंपिकमध्ये २००८ साली आली. साडेसात फेऱ्यांच्या अंतरात २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात. १०० किंवा ४०० मीटरच्या शर्यतीतला अडथळा पाय लागला की आडवा होतो, इथला ७६.२ सेंटिमीटर उंचीचा जाड लाकडी अडथळा जागचा हलत नाही, त्यामुळे चुकणारा धावपटूच पडतो. अडथळ्यावर पाय ठेवून पुढे जाण्याची मुभा मात्र असते. पाण्याच्या उडीला बहुतेक जण तिचा उपयोग करतात. दम टिकवणे मॅरेथॉनमुळे बाबर यांच्या अंगवळणी पडलेले होते. नव्याने शिकायची होती ती उडी, आणि उडीनंतर मोडलेली लय पुन्हा पकडणे.

हे शिकणे फार लवकर फळाला आले. २०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांनी ९ मिनिटे ३५.३७ सेकंदांत कांस्यपदक जिंकले आणि सुधा सिंग यांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. बहारीनची विजेती रूथ जेबेट हिला आधी बाद ठरवण्यात आले, तेव्हा बाबर यांना रौप्य मिळाल्यासारखे होते. अपिलानंतर जेबेटचे सुवर्ण कायम झाले आणि बाबर पुन्हा तिसऱ्या आल्या. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई मॅरेथॉनमध्ये त्या २ तास ३८ मिनिटे २१ सेकंद वेळ नोंदवून ओ. पी. जैशा यांच्या मागोमाग आल्या, म्हणजे मॅरेथॉनही सुटलेली नव्हती. त्याच वर्षी वुहान येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ९ मिनिटे ३४.१३ सेकंद वेळेसह सुवर्णपदक मिळाले. पाठोपाठ बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत ९ मिनिटे २७.८६ सेकंदांचा नवा विक्रम आणि अंतिम फेरीत आठवा क्रमांक. कारकिर्दीतली ही सर्वांत भरीव कामगिरी म्हणायला हवी. पदक नसल्याने तिचा गाजावाजा कमी झाला.

रिओ ऑलिंपिकमध्ये १३ ऑगस्ट २०१६ रोजी प्राथमिक फेरीत त्यांनी ९ मिनिटे १९.७६ सेकंद वेळ देऊन राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरी गाठली. इंचॉनपासून दोन वर्षांच्या आत सुमारे सोळा सेकंद कमी झाले होते. ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणाऱ्या याआधीच्या भारतीय महिला पी. टी. उषा; १९८४ साली लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत एक शतांश सेकंदाने त्यांचे कांस्यपदक हुकले होते. मधली बत्तीस वर्षे ही जागा रिकामी होती. १५ ऑगस्टच्या अंतिम फेरीत बाबर ९ मिनिटे २२.७४ सेकंदांत दहाव्या आल्या. दोन दिवसांपूर्वीचा वेग राखता आला असता, तरी पदक दूरच होते: जेबेटने नऊ मिनिटांच्या आत शर्यत जिंकली.

त्याच महिन्यात त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. रिओनंतर आंतरराष्ट्रीय मैदानावर त्या फारशा दिसल्या नाहीत. राज्य शासनाने त्यांना महसूल खात्यात अधिकारीपदी नेमले. स्टीपलचेसमधला त्यांचा वरच्या पातळीवरचा काळ जेमतेम तीन वर्षांचा. एवढ्या थोड्या अवधीत राष्ट्रीय विक्रम इतका खाली आणणारे धावपटू भारतात विरळा. रिओचा विक्रम सात वर्षे टिकला. २७ ऑगस्ट २०२३ रोजी बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत पारुल चौधरी यांनी ९ मिनिटे १५.३१ सेकंद वेळ नोंदवून तो मोडला.