बनू मूसांची झडप आणि चुन्याची निवळी

घरातल्या काचेच्या टाकीत प्रवाळ जगवणाऱ्याला रोज दोन हिशोब सांभाळावे लागतात. एक पाण्याचा, दुसरा चुन्याचा. हल्ली ही दोन्ही कामं यंत्र करतं आणि बाजारात ते नव्या जमान्याचं उपकरण म्हणून विकलं जातं. मला त्यात नवव्या शतकातलं बगदादही दिसतं. ते नेमकं किती दिसतं, हे मात्र जपून सांगायला हवं, कारण या विषयावर आपल्याकडे अभ्यास कमी आणि बढाया जास्त असतात.

आधी अडचण समजून घेऊ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. टाकीतलं पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मागेच राहतात. २०० लिटरच्या टाकीतून ४ लिटर पाणी उडालं, तर उरलेल्या पाण्याचा खारेपणा ३५ वरून ३५.७ वर जातो. असं रोज झालं तर प्रवाळ तग धरत नाही. म्हणून उडालं तेवढंच, आणि तेही गोडं, शुद्ध पाणी पुन्हा घालावं लागतं. दुसरी गोष्ट, दगडी प्रवाळ आपला सांगाडा चुन्याचा बांधतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या थोडं वर कॅल्शियम असतं. बंद टाकीत ते भराभर संपतं.

पाण्याची पातळी आपोआप राखण्याची युक्ती फार जुनी आहे. आपल्या गच्चीवरच्या टाकीत तरंगणारा गोळा खाली आला की पाणी सुरू होतं, वर गेला की बंद. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसनं आपल्या जलघड्याळात अशीच तरंगती झडप वापरली असावी, असं इतिहासकार मानतात. पुढे हे ग्रीक ज्ञान अरबीत आलं. बगदादमध्ये मूसा इब्न शाकिरचे तीन मुलगे होते, मुहंमद, अहमद आणि हसन. इतिहास त्यांना बनू मूसा म्हणून ओळखतो. बाप लवकर गेला आणि खलिफा मामूनच्या आश्रयानं ती वाढली, शिकली. इ.स. ८५०च्या सुमारास त्यांनी ‘किताबुल हियल’ हा युक्तियंत्रांचा ग्रंथ लिहिला. त्यात शंभरच्या आसपास यंत्रं आहेत. स्वतःच तेल ओढून घेणारा दिवा आहे, काढलं तेवढं पुन्हा भरून घेणारी भांडी आहेत. शंकूच्या आकाराच्या झडपा त्यांनी ज्या सफाईनं वापरल्या, तशा त्यांच्या आधी कुणी वापरलेल्या दिसत नाहीत.

१२०६मध्ये आजच्या दियारबाकिरमध्ये अल-जझरीनं आपला यंत्रग्रंथ पूर्ण केला. त्याच्या मोठ्या जलघड्याळात तरंगत्या झडपेमुळे पाण्याची पातळी कायम राहते, म्हणून धारही एकसारखी पडते. कारंज्यांच्या प्रकरणात तो बनू मूसांचं नाव आदरानं घेतो आणि आपण त्यांची पद्धत का सोडली, हेही सांगतो.

ही ओळ मला महत्त्वाची वाटते. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘जगातलं सगळं मुसलमानांनी शोधलं’ असे संदेश फिरतात. त्याला उत्तर म्हणून दुसरीकडून ‘यांनी फक्त ग्रीकांची नक्कल केली’ असं येतं. मूळ ग्रंथ वाचले की दोन्ही दावे गळून पडतात. बनू मूसा ज्यांना अनुवादासाठी पैसे देत, त्यांत हुनैन इब्न इसहाक ख्रिस्ती होता, तर साबित इब्न कुर्रा हर्रानच्या ग्रहपूजक साबी पंथाचा. भावांनी ग्रीकांकडून घेतलं, त्यात भर घातली. जझरीनं त्यांच्याकडून घेतलं आणि पटलं नाही तिथे बदललं.

अठराव्या शतकात तीच तरंगती झडप इंग्लंडमधल्या पाण्याच्या हौदांत आणि वाफेच्या बॉयलरांत दिसू लागली. रशियात पोल्झुनोव्हनं १७६५मध्ये ती आपल्या इंजिनाच्या बॉयलरला लावली. ऑटो मायर यांनी स्वयंनियंत्रणाचा इतिहास लिहिताना क्टेसिबियसपासूनची ही सगळी उदाहरणं तपासली आहेत. मात्र बगदादच्या ग्रंथातून ती थेट इंग्लंडला पोचली, असा पुरावा हाती नाही. म्हणून मीही तसं म्हणणार नाही.

आता चुना. १९६१मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्रातले जिवंत खडक टाकीत ठेवायचे आणि हवेचे बुडबुडे सोडायचे. प्रवाळाची टाकी घरात टिकू शकते, हे त्यांनी दाखवलं. १९७०च्या दशकात पीटर विल्केन्स या जर्मन अभ्यासकानं टाकीत चुन्याचं पाणी घालण्याची रीत रूढ केली. हे पाणी म्हणजे आपली चुन्याची निवळी. चुना पाण्यात कालवायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं स्वच्छ पाणी घ्यायचं.

इथे दोन्ही हिशोब एकत्र येतात. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी द्यायचंच आहे, मग निवळीच का देऊ नये? एक लिटर पाण्यात साधारण १.७ ग्रॅम चुना विरघळतो. वरच्या उदाहरणातल्या टाकीत रोज ४ लिटर निवळी गेली, तर कॅल्शियम लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅमनं वाढतं आणि सांगाड्याला लागणारी क्षारताही त्याच प्रमाणात मिळते. पातळी राखणारी झडप प्रवाळाला जेवूही घालते.

पण निवळी जहाल असते, तिचा सामू १२च्या वर जातो. झडप उघडी अडकली आणि सगळी निवळी एकदम टाकीत गेली, तर रात्रीत सारे जीव मरतात. म्हणून जाणकार पंपाला दोन सेन्सर लावतात. खालचा बिघडला तर वरचा पंप बंद करतो. निवळी थेंबाथेंबानं सोडतात आणि साठ्याचं भांडं बेताचंच ठेवतात. त्यावर झाकण हवं, नाहीतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे वर साय धरते आणि चुना वाया जातो. पंपाची नळी तळाच्या गाळाला लागू द्यायची नाही. फ्लोटवर पुटं चढली की ती व्हिनेगरनं धुवायची. प्रवाळ वाढला की निवळी पुरत नाही, कारण उडतं त्याहून जास्त पाणी घालता येत नाही. अशा टाक्यांसाठी हान्स-वेर्नर बॉलिंग यांनी १९९०च्या दशकात कॅल्शियम आणि क्षारता वेगवेगळ्या द्रावणांतून देण्याची रीत मांडली. आज ती छोट्या डोसिंग पंपांनी चालते.

बनू मूसांचा ग्रंथ डोनाल्ड हिल यांच्या इंग्रजी अनुवादात १९७९पासून उपलब्ध आहे, मूळ अरबी संहिता १९८१मध्ये अलेप्पोहून छापली गेली. आपल्या मदरशांत आणि कॉलेजांत त्यांच्या नावानं भाषणं होतात, ग्रंथ मात्र क्वचितच कुणाच्या हाती दिसतो. दोन बादल्या, एक नळी आणि एक तरंगता गोळा एवढ्या सामानात त्यातली मूळ कल्पना मुलांना करून बघता येईल. भाषणाआधी तेवढं व्हावं, असं मला वाटतं.