नावेंतलें घर आणि त्याचा दाखला

इंग्लंडांतील कालव्यांवरची मालवाहू नाव सात फूट रुंद, सुमारें सत्तर फूट लांब. नावाड्याचें सगळें कुटुंब तिच्या जेमतेम दहा फुटांच्या खोलींत राही. जॉर्ज स्मिथ यांच्या खटपटीनें १८७७ सालीं कायदा झाला व नावेंत किती माणसांनीं राहावें हें दाखल्यावर नमूद होऊं लागलें. सरकारी तपासनीस नेमावयास मात्र १८८४ उजाडावें लागलें, याचें आम्हांस नवल वाटतें. १९३९ सालीं रोल्ट यांनीं बॅनबरीस ‘क्रेसी’ या जुन्या नावेंत न्हाणीघर बसवून तिचें घर केलें. आतां रिकामा पोलादी सांगाडा घेऊन आंतील काम स्वतः करणारे पुष्कळ आहेत. त्यांस दर चार वर्षांनीं दाखला लागतो. पण त्यासाठीं माणसें मोजीत नाहींत, गॅस, इंधन, वीज तपासतात. आपल्या हातचें काम परक्यानें कां पाहावें, असें कुणी म्हणेल. परंतु गळलेला गॅस हवेहून जड. तो नावेच्या तळाशींच सांचून राहतो.