थंड उजेडाची कुळकथा

ग्वाल्हेरच्या हजीऱ्याला लागून बिर्लानगर आहे. जियाजीराव कॉटन मिल बंद पडून तीस वर्षे उलटली, तरी तिथे उभ्याने पाळ्या केलेल्यांची गुडघेदुखी अजून संपलेली नाही. ही मंडळी फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ‘लाईटवाली सिकाई’, म्हणजे मंद लेझरचा शेक, मागतात. जाड पेनासारखा प्रोब सांध्याच्या फटीवर टेकवला जातो, यंत्राचा बारीक आवाज येतो आणि पुढे काहीच जाणवत नाही. ऊब नाही, झिणझिण्या नाहीत. मग आजी हमखास विचारतात, “डॉक्टरसाहेब, चालू आहे ना हे?” त्या प्रश्नापायी एखादा नवखा हात दोन मिनिटे जास्त शेक देतो. आजींना बरे वाटावे म्हणून दिलेली ती दोन मिनिटे उपचारावर पाणी फिरवू शकतात, कारण हा उपचार जन्मलाच मुळी कमी मात्रेतून.

उजेडाने रोग बरा करण्याची धडपड लेझरहून जुनी. कोपनहेगनच्या नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर एकवटलेल्या प्रकाशाचा उपचार केला आणि १९०३ साली त्यांना नोबेल मिळाले. लेझर आला १९६० च्या मे महिन्यात, थिओडोर मेमन यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत, माणकाच्या कांडीतून. डॉक्टरांना त्यात आधी दिसली ती जाळण्याची ताकद. बॉस्टनमध्ये लेझरने गाठी जाळण्याचे प्रयोग झाले. बुडापेस्टचे शल्यविशारद एंड्रे मेस्टर यांना तेच करून पाहायचे होते. पण त्यांच्या यंत्राची शक्ती फार कमी होती, त्यामुळे गाठी तशाच राहिल्या. मात्र प्रयोगातल्या उंदरांची कातडी जिथे भादरली होती तिथे केस लवकर उगवले आणि जखमाही लवकर भरू लागल्या. हे १९६७ चे. फसलेला प्रयोग बाजूला न टाकता मेस्टर नीट पाहत राहिले, याबद्दल मला त्यांचे मनापासून कौतुक वाटते. पुढे त्यांनी माणसांच्या न भरणाऱ्या जखमांवर हाच मंद लेझर वापरला.

आपल्याकडे आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६४ साली अर्धवाहक लेझर बनवला. मध्य प्रदेशात इंदूरला १९८४ मध्ये प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी झाली, आता ते राजा रामण्णा यांच्या नावाने ओळखले जाते. ते उभे करणारे दिलीप भवाळकर सागरचे, म्हणजे आमच्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे मराठी. या केंद्राने शस्त्रक्रियेसाठी कार्बन डायऑक्साइड लेझर बनवले आणि क्षयाच्या उपचारासाठी नायट्रोजन लेझरही. फिन्सेन यांचा धागा असा इंदूरपर्यंत पोचला.

यंत्र चालवणाऱ्या हातांचे कूळ वेगळे. देशातली फिजिओथेरपीची पहिली शाळा १९५३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात, पोलिओच्या साथीच्या पाठोपाठ, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सुरू झाली. या अभ्यासक्रमात लेझर पुढे विद्युत उपचारांच्या विषयात दाखल झाला, शॉर्टवेव्ह आणि अल्ट्रासाउंडच्या पंगतीत. तिथेच घोळ होतो असे माझे मत आहे. शेजारची यंत्रे रुग्णाला कमीअधिक जाणवतात, लेझर जाणवत नाही. इथे हिशेबच डोळा आणि हिशेबच हात.

तो हिशेब असा. प्रोब १०० मिलिवॅटचा असेल आणि एका बिंदूला ४ जूल द्यायचे असतील, तर वेळ लागतो ४० सेकंद. तोच प्रोब २०० मिलिवॅटचा असेल तर २०. तरंगलांबी बदलली की मात्राही बदलते: ९०४ नॅनोमीटरच्या स्पंदित लेझरला ८१० च्या लेझरपेक्षा कमी जूल पुरतात. ठरावीक मर्यादेपर्यंत पेशी प्रतिसाद देतात, त्यापुढे तोच प्रकाश त्यांना दाबून टाकतो. प्रोब तिरका धरला किंवा कातडीपासून उचलला, की बराच प्रकाश वरच्यावर परततो. सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त प्रकाश शोषते, म्हणून ज्यांची ऊब जाणवते अशा जास्त शक्तीच्या यंत्रांवर आपल्याकडे आणखी जपून राहावे लागते. ८०८ किंवा ९०४ चा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही आणि दृष्टिपटल भाजू शकते. म्हणून रुग्ण आणि उपचारक दोघांनाही त्याच तरंगलांबीचा चष्मा हवा, साधा काळा गॉगल चालत नाही. गाठीवर, गरोदर बाईच्या पोटावर प्रोब ठेवायचा नाही.

सगळ्या दुखण्यांवर लेझरची मात्रा चालते असेही नाही. गुडघ्याच्या बाबतीत तो व्यायामाचा जोडीदार आहे, व्यायामाऐवजी नाही. त्याचा भक्कम पुरावा आहे तो कर्करोगाच्या उपचारांत तोंड येते त्यावर. विशिष्ट रुग्णांमध्ये तोंड येऊ नये म्हणून आधीपासून लेझर देण्याची शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. तंबाखूने तोंडाचा कर्करोग झालेली माणसे ज्या प्रदेशात इतकी आहेत, तिथल्या दंतवैद्यांना आणि परिचारिकांना हे आधी शिकवायला हवे. रेडिएशन चालू असताना घोटभर पाणी गिळता येणे ही त्या रुग्णासाठी फार मोठी गोष्ट असते.

यंत्रासोबत विक्रेत्याकडून मिळणारी तासाभराची ओळख म्हणजे प्रशिक्षण नव्हे. शिकणाऱ्याच्या हाती आधी शक्ती मोजण्याचा मीटर द्यावा, कारण वापरत गेल्यावर डायोडची शक्ती घटते आणि पडद्यावरचा आकडा मात्र तोच दिसत राहतो. मग त्याने मोजलेल्या शक्तीवरून वेळ काढावा, नोंदवहीत तरंगलांबी, वॅट, सेकंद, जूल आणि बिंदू लिहावेत, आणि आजींना समजावून सांगावे की आजी, हा शेक गरम लागत नाही, पण चालू आहे.