हिवाळ्यातील प्राग : नियोजन उजेडाचे

व्ल्टावा नदीकाठी वसलेली चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग हिवाळ्यात अधिकच मोहक भासते. शहराच्या ऐतिहासिक भागाला १९९२ साली युनेस्कोने जागतिक वारसास्थळांच्या यादीत स्थान दिले. मात्र डिसेंबरच्या अखेरीस येथे सकाळी आठच्या सुमारास उजाडते आणि दुपारी चारलाच सूर्य मावळतो. त्यामुळे आठ तासांचा उजेड कसा वापरावा, यावर सहलीचे यश अवलंबून असते.

सकाळ : २२ क्रमांकाच्या ट्रामने प्रथम किल्ल्यावर जावे. हिवाळ्यात तेथील दालने दुपारी चारला बंद होतात. नंतर उतारावरून पायी चार्ल्स पुलाकडे यावे. या पुलाची पायाभरणी १३५७ साली झाली. त्यावर ३० शिल्पे आहेत.

सायंकाळ : जुन्या शहराच्या चौकातील १४१० सालचे खगोलीय घड्याळ, नाताळचा बाजार व संगीताच्या मैफली अंधार पडल्यावर पाहाव्यात.

सुट्ट्या : ज्यू संग्रहालय शनिवारी बंद असते. २४ डिसेंबरच्या दुपारपासून २६ तारखेपर्यंत मोठी दुकाने बंद राहतात.

पूर्वतयारी : भारतीयांना शेंजेन व्हिसा लागतो. प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो. किमान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. त्यासाठी ३० हजार युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा आवश्यक आहे. चलन मात्र युरो नसून कोरुना आहे.

तापमान अनेकदा शून्याखाली उतरते आणि दगडी रस्ते निसरडे होतात. म्हणून लोकरी कपड्यांइतकेच घट्ट पकडीचे बूटही महत्त्वाचे ठरतात.