आपण कोण, हे कोणी लिहिलं?



जून महिना आला की आपल्या घरोघरी एक प्रसंग ठरलेला असतो. पोरगं शाळा-कॉलेजचा फॉर्म घेऊन बसतं. नाव लिहितं, पत्ता लिहितं, धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहितं आणि जातीच्या रकान्याशी येऊन थांबतं. “पप्पा, इथं काय लिहू?” आजोबा म्हणतात, बाबासाहेबांनी ती कात टाकायला लावली ना, मग कशाला लिहायची? बाप म्हणतो, दाखला लागतो, लिही. आजी म्हणते, आधी जेवून घ्या. चुकीचं तिघांचंही नाही.

हा घोळ आपण घातलेला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात जेमतेम अडीच हजार बौद्ध होते. १९६१ ला ते २७,८९,५०१ झाले. दहा वर्षांत एवढी माणसं आपली ओळख स्वतःच्या हाताने बदलतात, असं जगात फार ठिकाणी घडलेलं नाही. पण दिल्लीचा कायदा म्हणायचा, बौद्ध झालात ना, मग अनुसूचित जातीत तुम्ही नाही. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती दिल्या, तरी केंद्राचं दार बंदच होतं. ते उघडलं १९९० साली, कायद्यात दुरुस्ती झाल्यावर. म्हणजे चौतीस वर्षं आपल्या माणसांनी हक्क बुडत असतानाही त्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिलं. आज फॉर्म भरताना पोरांना एवढं तरी सांगायला हवं. रकाना हक्कासाठी भरावा. पण आपण कोण, याचं उत्तर त्या चौकटीत मावत नाही.

मग ते कुठे मिळतं? आणि ते आजवर कोणी लिहिलं?

आधी लिहिलं इंग्रज साहेबाने. पनवेल तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये जातवार माहिती आहे. कोण काय काम करतं, कसल्या घरात राहतं, सगळं नोंदवलं आहे. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांचं स्वतःचं म्हणणं मात्र त्यात शोधून सापडत नाही.

ते म्हणणं मांडायला आपल्याच कोकणातला माणूस पुढे आला. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून निवृत्त झाले आणि १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. त्यात सगळे प्रश्नच आहेत. विटाळ आला कुठून, कोणी ठरवला, कशाच्या आधारावर? पेन्शनीत आराम करायचं सोडून हा हवालदार शास्त्री-पंडितांना जाब विचारत बसला! आपल्यातला पहिला संशोधक कोण, असं आम्हांला विचारलं तर आम्ही त्यांचं नाव घेऊ.

पुढे बाबासाहेबांनी १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जातीच्या उगमावर निबंध वाचला, तेव्हा त्यांचं वय पंचवीस होतं. १९४८ साली त्यांचा अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा ग्रंथ आला. टोळ्यांच्या लढायांत फुटून विखुरलेले लोक गावाबाहेर वसले, त्यांनी बौद्ध धम्म सोडला नाही म्हणून त्यांचा द्वेष झाला, अशी मांडणी त्यांनी केली. आमच्यातले काही जण ती ऐकून माहिती म्हणून पाठ करतात. बाबासाहेबांनी स्वतः मात्र तो सिद्धांत म्हणून पुढे ठेवला, दुवे कुठे तुटलेले आहेत हे सांगितलं आणि अभ्यासकांनी तपासावं असं म्हटलं. एवढा मोकळेपणा त्यांच्यात होता, तो आपल्यातही यावा.

आणि तपासायला फार लांब जायला नको. तळा तालुक्यात कुड्याची लेणी आहेत, घाट चढून गेलं की कार्ले. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यात राजे आणि शेठ आहेतच, पण कुड्याला माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, कार्ल्याला दरवाजा करणारा सुतार आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची ती देणगीदारांची यादीच म्हणायची! या स्मरणिकेच्या शेवटी छापलेल्या यादीकडे आता जरा निराळ्या नजरेने बघा.

इतिहास म्हणजे नुसता अभिमानाचा विषय नव्हे, त्यावर पाणी मिळतं की नाही हेही ठरलेलं आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. त्यानंतर विरोधकांनी कोर्टात दावा लावला की अस्पृश्यांना तळ्यावर न येऊ देण्याची रूढी अनादी काळापासून आहे. दहा वर्षं खटला चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की ही रूढी अनादी असल्याचं सिद्ध झालेलं नाही. म्हणजे जुनं काय आणि किती जुनं, याचा पुरावा मागितला तेव्हा समोरच्याकडे तो नव्हता.

पाण्याचा विषय निघाला आणि सोनबा येलवे आठवले नाहीत, असं पनवेलमध्ये होणार नाही. सांगतात की बाबासाहेब एकदा पनवेलहून जात होते, तहान लागली, पण पाणी कोणी दिलं नाही. सोनबा पाणी घेऊन धावले तोवर गाडी निघून गेली होती. बाबासाहेब परत येतील म्हणून पुढे ते पाण्याचं मडकं भरून वाट बघत राहिले. ही गोष्ट आमच्यापर्यंत आली ती गाणाऱ्यांच्या आणि सांगणाऱ्यांच्या तोंडून, कोर्टाच्या कागदातून नव्हे.

अशा गोष्टींना विद्यापीठात किंमत नसते, असा आमचाही समज होता. तो खोटा ठरवला पुण्याच्या प्राध्यापिका शर्मिला रेगे यांनी. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि विजयादशमीला दीक्षाभूमीवर आपण पाच-दहा रुपयांच्या पुस्तिका, गाण्यांच्या कॅसेट, कॅलेंडर घ्यायचो. शिकलेले लोक म्हणायचे, ही आंधळी भक्ती. रेगेबाईंनी २००८ साली लेख लिहून दाखवलं की ही भक्ती नव्हे, हे लोकांनी स्वतःसाठी उभं केलेलं ज्ञान आहे. बाई २०१३ साली गेल्या.

त्यांच्या आधी अमेरिकेतून एलिनॉर झेलियट आल्या. आपल्या चळवळीवर त्यांनी प्रबंध लिहिला, तो १९६९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने मान्य केला. पण आम्हांला सगळ्यांत जवळचं वाटतं ते उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’, १९८९ सालचं. या दोघी चळवळीतल्या म्हाताऱ्या बायकांपर्यंत गेल्या, त्यांच्याशी बोलत बसल्या. सभेला कोण गेलं, तुरुंगात कोण गेलं, हे त्या बायकांनी आपल्या तोंडाने सांगितलं. उशीर केला असता तर सांगायला कोणी उरलंच नसतं.

चित्रकारांचंही तेच. नागपूरचे सावी सावरकर यांनी गळ्यात मडकं बांधलेला माणूस रंगवला. असलं चित्र घरात लावणार का, असं कोणी विचारलं तर आम्हीही अडखळू. आपल्या भिंतीवर निळ्या कोटातले, हातात ग्रंथ घेतलेले बाबासाहेब हवेत. पेशवाईतलं मडकं कशाला? दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं तेव्हाही आपल्यातले बरेच लोक चिडले होते, घरातली लाज चव्हाट्यावर कशाला आणली म्हणून. आमचं मत असं की दोन्ही चित्रं हवीत. ज्या पोराने मडकं पाहिलंच नाही, त्याला निळ्या कोटाची किंमत कशी कळणार? वाद होऊ द्या.

आता थोडं घरचं. आमच्याकडे रंगकाम निघालं तेव्हा पोटमाळ्यावरची ट्रंक आम्ही स्वतः रद्दीवाल्याला दिली. तिच्यात वडिलांची गायन पार्टीची वही होती, जयंतीच्या वर्गणीची पावती पुस्तकं होती. वजन भरलं साडेचार किलो. दोष कोणाला देणार?

आपल्या वस्तीत कोणी महाड-माणगावचे, कोणी खेड-दापोलीचे, कोणी सिडको आल्यावर बुलढाणा-लातूरहून आलेले. आजीच्या ओव्या वेगळ्या, भाकरी वेगळी, वंदना मात्र एक. कोण कधी आलं, पहिलं बिऱ्हाड कुठे केलं, गावी देव कधी विसर्जन केले, हे अजून सांगू शकतील अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत.

म्हणून विनंती. रविवारी वंदनेनंतर जुने फोटो, पत्रिका, गाण्यांच्या वह्या विहारात घेऊन या. कागद ठेवून घेणार नाही, झेरॉक्स काढून त्याच दिवशी परत देऊ. आजी-आजोबा येऊ शकत नसतील तर कळवा, दोन मुलं वही घेऊन घरी येतील. आणि फोटोच्या मागे नावं लिहायची तर पेन्सिलीने लिहा, बॉलपेनचा दाब पुढे चेहऱ्यावर उमटतो.