सुरस, चमत्कारिक आणि भयंकर

आपल्या गेवराई तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तेथे माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. परंतु त्या गावचे नाव प्रथमच ऐकणारे मूल लढाईचे विचारीत नाही. राक्षस कोठे गेला, हे विचारते. मुलांच्या या ओढीविषयी वडील मंडळींनी वेळोवेळी काय मत दिले, ते एका पुस्तकाच्या निमित्ताने आज पाहू.

ते पुस्तक म्हणजे ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ च्या सुमारास हे भाषांतर इंग्रजीवरून आरंभिले. मूळ ग्रंथ मुलांसाठी रचलेला नव्हता. शिवाय अल्लाउद्दीन व अलीबाबा या मुलांच्या लाडक्या कथा जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीत. अलेप्पोच्या हन्ना दियाबने १७०९ मध्ये पॅरिस येथे गालाँ या फ्रेंच पंडिताला त्या सांगितल्या.

‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ या आरंभीच्या कादंबऱ्याही अद्भुतातच रमल्या. मग १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल व नाटक यांवरील निबंधात असंभाव्य कथानकांचा समाचार घेतला. पुढे हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ मध्ये घरातल्या विधवेचे दुःख मांडले, तेव्हा जाणत्या वाचकाला जिन व परी पोरकट वाटू लागल्या. या टीकेत तथ्य होते. ज्या समाजात खऱ्या मुलींचे केशवपन होत होते, त्याने जादूच्या दिव्यात दंग राहावे हे कोणाला रुचेल? पण मोठ्यांनी टाकलेले अद्भुत मुलांनी उचलले, ते आजतागायत.

त्यांनी उचलले ते काही गोंडस नव्हे. सिंदबादला मृत पत्नीबरोबर जिवंत पुरतात. एक म्हातारा त्याच्या खांद्यावर बसतो तो उतरतच नाही. कासिमच्या प्रेताचे तुकडे चांभाराकडून शिवून घेतले जातात. परंतु सुटका कशी होते ते पाहा. सिंदबाद एका जनावराच्या मागाने विवराबाहेर पडतो, म्हाताऱ्याला मद्य पाजून खाली उतरवतो. कोळी जिनाला बोलण्यात गुंतवून पुन्हा भांड्यात घालतो. दुबळा माणूस अकलेने वाचतो. खुद्द शहरजाद रोज गोष्ट अर्धी ठेवून आपले मरण उद्यावर ढकलते.

आम्हां गेवराईकरांना हा प्रश्न अधिक जवळचा आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामी राज्यात होता; माध्यमिक शिक्षण उर्दूतून होई. शाळेची भाषा एक आणि आईची दुसरी, अशा मुलाला मराठी वाचनाची गोडी लागायची तर उपदेशपर पुस्तकाने लागणे कठीण. पुढे काय झाले, या धास्तीनेच तो पान उलटतो.

सगळेच मूळ अरबी साहित्य मुलांच्या हाती द्यावे, असे आम्ही म्हणत नाही, निवड हवीच. मात्र ‘मूल घाबरेल’ एवढ्याच कारणाने गावच्या वाचनालयातून पुस्तक बाजूला काढू नये. भ्यालेले मूल पुस्तक मिटते, आईजवळ सरकते आणि थोड्या वेळाने तेच पान पुन्हा उघडते. वाचकाचा याहून प्रामाणिक अभिप्राय आम्हांला ठाऊक नाही.