वीस मायक्रॉनपासून एकशेवीसपर्यंत

भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्क चौपाटीसमोर वसईची खाडी पसरलेली आहे. ओहोटी लागली की काठावरच्या तिवरांत अडकलेल्या पिशव्या उघड्या पडतात. ज्या अडकत नाहीत त्या समुद्राकडे जातात. खाडीच्या मुखाजवळ, दक्षिणेस उत्तन आहे. तेथील कोळी प्रवाहाकडे तोंड करून डोल जाळी लावतात. त्या जाळ्यात बोंबील शिरतो, तसे प्लॅस्टिकही शिरते.

हे प्लॅस्टिक रोखण्याच्या नियमांचा आपल्याकडील इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी मायक्रॉनचा इतिहास आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १९९९च्या केंद्रीय नियमांत कोऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीची किमान जाडी २० मायक्रॉन ठरली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तुंबलेल्या गटारांची चर्चा झाली आणि महाराष्ट्राने ही मर्यादा ५० वर नेली. बांगलादेशातही पूर आणि तुंबलेली गटारे यांच्या अनुभवातूनच २००२ साली पातळ पिशव्यांवर बंदी आली होती. म्हणजे नियम झाले ते गटारांसाठी. समुद्राचा विचार मागाहून आला.

पण जाडीच का मोजायची? एक हिशेब करू. ३० × ४० सेंटिमीटरची, २० मायक्रॉन जाडीची पिशवी साडेचार ग्रॅम भरते. एक किलो भंगारासाठी अशा सुमारे २२० पिशव्या वेचाव्या लागतील. जाडी १२० मायक्रॉन असेल तर ३७ पुरतात. कचरावेचकाला परवडते तेच उचलले जाते. उरलेले नाल्यातून खाडीत जाते.

पुढे मार्च २०१८ मध्ये राज्याने व्यापक बंदी आणली. केंद्राने सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनची अट घातली. १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकचे चमचे, स्ट्रॉ, ताटल्या यांवरही बंदी आली.

मात्र वेफर्स आणि शाम्पूच्या अनेक थरांच्या पुड्यांना पिशवीच्या जाडीची अट लागू नाही आणि भंगारात त्यांना भावही नाही. २०१६च्या नियमांनी त्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. आमच्या मते खरी कसोटी येथेच आहे. गोळा न झालेली जाड पिशवी म्हणजे खाडीत सहापट प्लॅस्टिक. विद्यार्थ्यांना शाळेतील आठवड्याच्या कचऱ्यातून भंगारवाला काय घेतो आणि काय नाकारतो, याची यादी करायला सांगावी. नाकारलेल्यांची यादी डोल जाळ्यातल्या कचऱ्याशी बरीच जुळेल.